सूचना : विजय मर्चंट स्मृतिसंध्या

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या २७ ऑक्टोबरला भारताचे फलंदाज विजय मर्चंट यांचा स्मृतिदिन. १९८७ साली याच दिवशी ते गेले. त्या संध्याकाळी ६ वाजता आपल्या वाचनकक्षात जमायचे आहे.

ठाकरसी गिरणी घराण्यातला हा मुलगा. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची फलंदाजीची सरासरी ७१.६४, वरती फक्त ऑस्ट्रेलियाचे डॉन ब्रॅडमन. मला मात्र आकड्यांपेक्षा १९३२ मोठे वाटते. स्वातंत्र्यलढ्यातले नेते तुरुंगात असताना इंग्लंडला खेळायला जायचे नाही, असे ठरवून ते तेव्हा मागे राहिले. उमेदीच्या वयात असा दौरा सोडणे सोपे नव्हते! शेवटची कसोटी १९५१ची, दिल्लीत, चाळिशीत. त्यात १५४ धावा. त्याच सामन्यात खांदा दुखावला आणि खेळ थांबला.

पुढे गिरणीचा कारभार होताच, पण अंध-अपंगांना काम मिळावे म्हणूनही ते झटले. घरातही क्रिकेटच, धाकटे बंधू उदय मुंबईकडून खेळले. बहीण लक्ष्मी यांच्या स्वाक्षरीवहीत एमसीसीच्या (इंग्लंडहून आलेल्या संघाच्या) खेळाडूंच्या नावांखाली सतरावी सही गांधीजींची आहे. त्या वहीबद्दल मी थोडे सविस्तर बोलणार आहे.

ज्यांनी विविध भारतीवर त्यांचा क्रिकेटचा कार्यक्रम ऐकला असेल, त्यांनी आठवणी जरूर सांगाव्यात. जुनी कात्रणे असतील तर आणावीत, मागे नाव लिहून. त्याच दिवशी परत मिळतील. नातवंडांनाही सोबत आणा.

आपला,
कार्यवाह