वडाचे वय फितीने मोजू नका

रस्ता रुंदीकरणात येणाऱ्या झाडांचे वय खोडाच्या घेरावरून ठरवणार, ही बातमी वाचली. राज्याच्या वृक्ष कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांचे झाड पुरातन वृक्ष ठरते आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. मग सगळ्या जातींना एकच सूत्र कसे चालेल? जमिनीपासून १.३७ मीटरवर फीत गुंडाळली, तर वडाच्या खोडात एकजीव झालेल्या पारंब्याही मोजल्या जातात आणि वय फुगते. उलट सिमेंट रस्त्याने बुंध्यापर्यंत आवळलेला कडुनिंब पाण्याअभावी जाड होत नाही. कागदावर तो तरुण ठरतो आणि कंत्राटदाराला स्वस्तात पडतो. सागाची वार्षिक वलये स्पष्ट असतात. पोकळ गिरमिटाने पेन्सिलीहून बारीक नमुना काढून ती मोजता येतात, अर्थात खोड आतून पोकळ नसेल तर. कॅलिफोर्नियातला ४,८०० वर्षांहून जुना ‘मेथुसेला’ पाइन असाच, न तोडता मोजला गेला. वड-पिंपळाची वलये भरवशाची नसतात. तिथे जुने नकाशे, छायाचित्रे आणि महसुली नोंदी पाहाव्या लागतात. पंचनाम्यात वयाशेजारी ते कोणत्या पद्धतीने काढले, हेही लिहिणे महापालिकेने बंधनकारक करावे.

– एक वनस्पती अभ्यासक, धरमपेठ, नागपूर