सोळा विस्तवांचा राजा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचून महिना झाला. पारशी लोक अग्नीची पूजा करतात, मग आपल्याकडच्या अग्निहोत्रात आणि त्यांच्या उपासनेत फरक तो कोणता, असे तू विचारले होतेस. मधल्या काळात मी घोलवडजवळच्या बहरोटच्या गुंफा आणि गुजरातेतले पारशांचे तीर्थक्षेत्र उदवाडा ही दोन्ही ठिकाणे पाहून आलो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

साम्य आहेच, आणि ते वरवरचे नाही. अवेस्तेतला, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातला, ‘यस्न’ म्हणजे आपला यज्ञ आणि त्यांचा ‘हओम’ म्हणजे आपला सोम. उलट ‘अहुर’, म्हणजे आपला असुर, त्यांच्याकडे परमेश्वराच्या, अहुर मज़्दाच्या, नावात बसला आणि ‘दएव’, म्हणजे आपले देव, मात्र खलशक्ती ठरले. अग्नीला ते परमेश्वर मानत नाहीत. अहुर मज़्दाच्या तेजाची ती डोळ्यांना दिसणारी खूण आहे आणि तिच्याकडे तोंड करून प्रार्थना करायची असते. पण खरा फरक मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. त्यांच्या सर्वांत मोठ्या अग्नीला, म्हणजे आतश बेहरामला, ते ‘पादशाह’ म्हणतात. त्याची सिंहासनावर स्थापना होते, आणि उदवाड्याच्या अग्नीचे तर नावच ‘ईरानशाह’, म्हणजे इराणचा राजा, असे आहे. सातव्या शतकात इराणचे सासानी साम्राज्य अरबांच्या स्वाऱ्यांपुढे कोसळले, शेवटचा बादशहा यज़्दगर्द ६५१ साली मारला गेला, आणि राजा गमावलेल्या या लोकांनी पुढे परमुलखात अग्नीलाच राजा मानले. मला या धर्माच्या इतिहासात याहून हृद्य असे दुसरे काही माहीत नाही.

हा राजा घडतो कसा, ते ऐक. आतश बेहरामसाठी सोळा ठिकाणचा विस्तव गोळा करावा लागतो. कुंभाराच्या, वीटभट्टीच्या, लोहाराच्या, सोनाराच्या, टांकसाळीच्या, रंगाऱ्याच्या, भटारखान्याच्या आगीबरोबरच मेंढपाळाची शेकोटी, घरची चूल आणि आकाशातून पडलेल्या विजेने पेटलेली आग हेही त्यांत येतात. आणि त्यांतच चितेचाही अग्नी असतो. ज्या धर्मात प्रेताचा अग्नीला स्पर्श होणे हे घोर पाप आहे, त्या धर्माने तो अग्नी टाकून दिला नाही, हे मी वाचले तेव्हा कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसून होतो. त्याची शुद्धी मात्र सर्वांत कष्टाची. भोके पाडलेल्या पळीत चंदनाचा भुगा घेऊन ती पळी ज्वाळेला न टेकवता वर धरायची. नुसत्या धगीने भुगा पेटला की तो नवा अग्नी. मग त्या अग्नीवर पुन्हा दुसरी पळी. चितेच्या अग्नीसाठी असे ९१ वेळा करावे लागते. बाकीच्या पंधरांचीही अशीच शुद्धी झाली की सगळे एकत्र आणून राजाला सिंहासनावर बसवायचे. भारतात असे आतश बेहराम आठच आहेत: उदवाड्याला आणि नवसारीला एकेक, सुरतेला दोन आणि मुंबईत चार. नववा इराणात, यज़्दला.

बहरोटला जाण्यासाठी मी घोलवडला उतरलो. चिकूच्या वाड्या संपल्या की डोंगर लागतो, आणि वर काळ्या खडकात कोरलेली, बरीचशी पडझड झालेली दालने आहेत. इराणातून आलेले पारशी जिथे वसले ते गुजरातच्या किनाऱ्यावरचे संजाण मुसलमानी फौजेने घेतल्यावर मोबेदांनी, म्हणजे त्यांच्या पुरोहितांनी, हा ईरानशाह अग्नी इथे आणला आणि १२ वर्षे लपवून ठेवला, असे बहमन कैकोबादाने १५९९ साली लिहिलेल्या ‘किस्सा-ए-संजाण’ या फारसी काव्यात आहे. (दुधात साखर विरघळवल्याची जी गोष्ट आपण शाळेत ऐकली, ती त्या काव्यात नाही. तिथे संजाणच्या राजाने आश्रय देताना घातलेल्या अटी आहेत, त्यांत इथली भाषा बोला आणि शस्त्रे खाली ठेवा याही आहेत.) मी आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभा राहिलो आणि मला एकच प्रश्न सुचला: आषाढात यांनी सरपण कोरडे कसे ठेवले असेल? आमची आजी रात्री निखारा राखेत झाकून ठेवायची आणि तो विझलाच तर शेजारून विस्तव मागून आणायची. इथे मागायला शेजार नव्हता. त्या डोंगरावर बारा पावसाळे काढलेली माणसे माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाहीत.

पुढे हा अग्नी वांसद्याला १४ वर्षे राहिला, मग बराच काळ नवसारीला, आणि १७४२ साली उदवाड्याला आला. तिथले आजचे मंदिर मोतलीबाई वाडिया यांनी १८९४ मध्ये बांधून दिले. आत पारशांनाच प्रवेश आहे, त्यामुळे मी समोरच्या एका घराच्या ओट्यावर, घरमालकाच्या परवानगीने, बसलो. मला आत जाता आले नाही याचे तुला वाईट वाटेल, पण मला नाही वाटले. इतकी शतके जपलेल्या वस्तूभोवती जपणाऱ्याने कुंपण घातले तर ते मी समजू शकतो. दिवसाचे पाच प्रहर, त्यांना ते ‘गाह’ म्हणतात, आणि प्रत्येक गाह बदलताना बोयची, म्हणजे अग्नीला चंदन वाहण्याची, क्रिया होते. श्वास अग्नीला लागू नये म्हणून मोबेद तोंडावर पदान नावाचे पांढरे फडके बांधतात, चंदन अर्पण करतात आणि दुर्विचार, दुर्वचन, दुष्कृत्य यांचा धिक्कार करीत घंटा वाजवतात. सूर्यास्तानंतर ती घंटा मला ओट्यावर ऐकू आली. मध्यरात्रीनंतरच्या उशहिन गाहलाही कोणीतरी उठणारच होते.

तेव्हा मला आमच्या जुन्या चाळीतल्या पारशी आजी, बपईजी, आठवल्या. संध्याकाळी त्या अफरगानियूत, म्हणजे धुपाटण्यात, निखाऱ्यावर लोबान टाकून घरभर फिरवीत आणि आमच्या दारापुढेही क्षणभर थांबत. दिवा फुंकरीने कधी विझवायचा नाही, तेल संपले की तो आपला आपण शांत होऊ द्यायचा, हे आम्हा मुलांना त्यांनीच शिकवले. अग्नीचा महिना आदर आणि त्यातला आदर रोज, म्हणजे त्याच नावाचा दिवस, आला की त्या चुलीमागच्या भिंतीवर हळदकुंकवाने झारा, चिमटा आणि कालथा काढीत. त्या दिवशी चुलीला सुट्टी असे. भिंतीवरचा तो चिमटा जरा वाकडा यायचा आणि त्या पुसून पुन्हा काढायच्या. ईरानशाहच्या स्थापनेचा सालगिराह, म्हणजे वाढदिवसही, त्याच दिवशी असतो, हे मला उदवाड्याला कळले.

२०११ च्या जनगणनेत भारतात ५७,२६४ पारशी होते. २००१ मध्ये ६९,६०१. हे आकडे मी तुला लिहितो आहे खरा, पण लिहिताना हात जड होतो.

तू डिसेंबरात येणार असशील तर पहाटेच्या गाडीने आपण घोलवडला जाऊ. ऊन चढण्याआधी डोंगर चढून होईल. वरची तिन्हीचारी दालने नीट पाहू आणि पाऊस कुठून आत येत असेल, वारा कुठून, ते बघून त्यांनी विस्तव नेमका कुठे ठेवला असेल ते तू सांग. माझा अंदाज मी तोवर सांगणार नाही.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
मित्र