दहा मीटरवर अडलेल्या पोरी: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

स्वप्नील कुसाळे पॅरिसहून २०२४ मध्ये ब्राँझ घेऊन आला, तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या गावातल्या दहा मीटरच्या एअर पिस्तूल (म्हणजे छऱ्याचं पिस्तूल) हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. (स्वप्नील रायफलवाला आहे, हे पोरांच्या आयांना मी अजून सांगितलेलं नाही!)

मी तिथे संध्याकाळी शिकवतो. एखादी पोर बरे गुण काढू लागली, की वडील विचारतात, "राही सरनोबतसारखी होईल का?" इथे माझी बोलती बंद होते. राहीने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तुलात, आणि तो खेळच निराळा.

एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागतो, २५ मीटरच्या पॉइंट टू टू (.२२) स्पोर्ट्स पिस्तुलाला, म्हणजे काडतुसाच्या पिस्तुलाला, १००० ग्रॅमचा. दुप्पट जोर लावताना नवखं बोट हिसका मारतं आणि गोळी खाली जाते. शिवाय दर गोळीला हात उसळतो, तो पुन्हा जागेवर आणावा लागतो. सामन्यात पहिल्या ३० गोळ्या निवांत. पुढच्या ३० ला हात ४५ अंशांत खाली धरून थांबायचं; टार्गेट ३ सेकंद दिसतं, ७ सेकंद नाहीसं होतं. त्या तिनात हात उचलायचा, नेम धरायचा, एकच गोळी सोडायची. आम्ही काय करतो? मी घड्याळ बघून "वर!" ओरडतो आणि पोरी छऱ्याचं पिस्तूल उचलतात. कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्यातला प्रकार.

छऱ्याच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. पॉइंट टू टूला परवाना, काडतुसं, शस्त्रागार, सगळंच आलं. शेतकऱ्याच्या घरातून ते कसं व्हावं? पुण्याच्या बालेवाडीची रेंज आम्हाला एसटीने पाच तास.

साहेब, प्रत्येक महसुली विभागात २५ मीटरची एक तरी रेंज द्या, टार्गेट वेळेवर फिरवणाऱ्या यंत्रासकट. पिस्तुलं रेंजच्या शस्त्रागारात राहू देत, आणि सरावाची काडतुसं शासनाने पुरवावीत. नुसती इमारत नको. उद्घाटनानंतर यंत्राची मोटर जळाली की ती दुरुस्त करणारा माणूसही हवा. तोवर पोलिसांची गोळीबार मैदानं रविवारी सकाळी उघडता येतील का, हे गृहखात्याला विचारून पाहा.

दिवाळीच्या सुट्टीत चार पोरींना बालेवाडीला नेतोय. काडतुसांसाठी पालकांनी वर्गणी काढली आहे. दोन दिवसांत एकेकीच्या वाट्याला साठ गोळ्या येतील, म्हणजे एका सामन्याएवढ्या.

आपला,
तालुक्यातला एक नेमबाजी शिक्षक