‘तिच्या मिठीत तो बरा झाला’ या वाक्याखाली रेघ मारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझी कादंबरी गेल्या आठवड्यात छापखान्यात गेली. तिच्या हस्तलिखितात २४०व्या पानावर ‘तिच्या मिठीत तो बरा झाला’ असे वाक्य होते. मनाच्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या तुम्ही त्याखाली पेन्सिलीने बारीक रेघ मारून समासात एवढेच लिहिले होते, ‘कशाने?’ त्या एका शब्दाबद्दल तुमचे आभार मानण्यासाठी हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे, कारण अशा प्रेमकथा आवडीने वाचणाऱ्यांपर्यंतही तो प्रश्न पोहोचावा, असे मला मनापासून वाटते.

कथा तुम्हाला पाठ आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत एकाच गल्लीत वाढलेली दोन मुले; तो पुढे रॉक बँडचा नावाजलेला गायक होतो, ती त्याच बँडचा साउंड सांभाळते, आणि वीस वर्षांच्या मैत्रीचे प्रेम होऊ लागते तेव्हा आड येतो तो त्याने लहानपणी कडी लावलेल्या दाराआड खाल्लेला मार, जो साऱ्या गल्लीला ऐकू येत होता आणि ज्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. पहिल्या खर्ड्यात कडीचा आवाज कानावर पडताच तो भर कार्यक्रमातून रडत पळून जात असे. रंकाळ्याच्या काठावर बसून तुम्ही मला समजावलेत, की भीतीने माणूस दर वेळी लढतो किंवा पळतो असे नाही, कित्येकदा तो जागीच थिजतो. जुनी आठवणही सलग येत नाही, एखादा वास, एखादा खटका अशा तुकड्यांनी येते, आणि शरीराला ते आत्ताच घडत असल्यासारखे वाटते. पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर जडणारा मनाचा आजार, फक्त सैनिकांना होतो, अशी माझी समजूत होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली हे निदान स्वीकारले, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा वाटा होता हे खरे. पण घरातच मार खाल्लेल्या मुलालाही तो होऊ शकतो, हे मला तुमच्याकडून कळले.

तो प्रसंग मग मी नव्याने लिहिला. आता तो माइकसमोर नुसता उभा राहतो, ओठ हलत नाहीत, बँड वाजत असतो. ती मिक्सरपाशी बसून त्याच्या कानातल्या मॉनिटरमध्ये हळू बोलते, ‘पायाखालची फळी लागते का बघ. समोर लाल दिवा आहे. मी इथंच आहे.’ यापलीकडे ती काही करत नाही, आणि तिला इथे थांबवणे मला सर्वांत जड गेले. ‘तिनंच त्याला बरं केलं, तर उद्या त्याला तिच्यावर रुसायचीही चोरी होईल,’ असे तुम्ही म्हणालात, तेव्हा माझ्या नायिकेवर मी केवढे ओझे टाकले होते ते मला दिसले. आता तो दर गुरुवारी समुपदेशकाकडे जातो आणि ती आपल्या कामाला जाते. हात हातात घेण्याआधी ती विचारते, तो ‘आज नको’ म्हणतो. ते पान मी अकरा वेळा लिहिले, कारण त्यानंतरच्या शांततेत राग नाही, हे दाखवणारे शब्द मला सापडत नव्हते.

शेवटासाठी तुम्हीच शास्त्रीय गायक अल्लादियाखाँसाहेबांची आठवण काढलीत. ऐन उमेदीत त्यांचा आवाज गेला, तो पूर्वीसारखा परत आला नाही, आणि उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी घडवली. शाहू महाराजांच्या दरबारात कोल्हापूरने ऐकली ती हीच. माझा गायकही शेवटच्या प्रकरणात आपले जुने गाणे दोन सूर खाली उतरवून गातो. ती त्याचा आवाज वर ओढत नाही, गिटार थोडी मागे घेते.

दवाखान्याची वेळ संपल्यावरही तुम्ही माझ्यासाठी थांबत होतात आणि पैशाचा विषय काढू देत नव्हतात. अर्पणपत्रिकेत नाव नको म्हणालात, म्हणून ते येथेही लिहीत नाही. पहिली प्रत घेऊन मी स्वतः येईन. २४०व्या पानावर आता ती कडी न लावता दार नुसते लोटून घेते, एवढेच आहे.

आपली कृतज्ञ,
कादंबरीची लेखिका