बाबांचा पाय मांडीवर घेणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुम्ही आमच्या बैलांना लंपीची लस टोचायला आला होतात. बाबा ओसरीवर पायाला फडकं गुंडाळून बसले होते. नडगीत सळई टाकून अकरा महिने झाले होते. गोळ्या चालू असल्या की जखम सुकायची, थांबल्या की पुन्हा पू.

तुम्ही सारवलेल्या जमिनीवर बसलात आणि बाबांची टाच दोन्ही हातांनी उचलून मांडीवर ठेवली. "वास येते ना बाई," म्हणत बाबा पाय ओढू लागले. "येऊ द्या काका," इतकंच म्हणालात. मॅडम, सळई टाकली तेव्हापासून घरच्यांशिवाय त्या पायाला कोणी हात लावला नव्हता. दवाखान्यात टेबलापलीकडूनच गोळ्या बदलून मिळायच्या. एकानं तर नाकाला रुमाल लावून "पथ्य पाळत नसाल" असं सुनावलं. सुपारीचंही खांड न खाणाऱ्या माणसाला!

मग तुम्ही मला बैलांच्या पाण्याच्या टाक्यात आतून बोट फिरवायला लावलं. बुळबुळीत थर. नुसतं पाणी ओतून तो जात नाही, घासावा लागतो. सळईवर, मेल्या हाडावर जंतू असाच थर धरतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. आत ते सुस्त पडून राहतात, औषधाला दाद देत नाहीत. हे तुम्हाला डुकरांनी शिकवलं होतं. उंदराचं कातडं सैल, त्याची जखम आवळून मिटते. डुकराचं आपल्यासारखं घट्ट, नवी कातडी धरत भरतं. म्हणून जुनाट जखमांचा, हाडातल्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा अभ्यास डुकरांवर होतो. भूल देतात, पण शेवटी जीव जातोच, हे सांगताना तुम्ही खाली पाहिलंत. जन्मभर मचाणावर जागून रानडुकरं हाकलणारे बाबा त्या रात्री फार बोलले नाहीत.

"मी जनावरांची डॉक्टर, काकांना औषध देणं माझं काम नाही," म्हणून तुम्ही चिठ्ठीवर दोनच प्रश्न लिहून दिलेत: सळई काढता येईल का? वरच्या पुवाऐवजी आतल्या हाडाचा तुकडा तपासाल का? नागपूरच्या सर्जननी ती चिठ्ठी दोनदा वाचली. सळई निघाली, मेलेलं हाड खरवडलं, सहा आठवडे औषध चाललं. जखम मिटली.

हे प्रश्न आम्हीही आधी विचारू शकलो असतो. पण शिकलेलं माणूस आपल्या शेजारी खाली बसतं, तेव्हाच आमच्या तोंडाला शब्द फुटतात.

यंदा पोळ्याला बाबा स्वतः कासरा धरून तोरणाखाली उभे राहिले. हरभरा घरी आला की वावरात रोडगे करतोय. तुम्ही याच. बाबांनी आईला आत्ताच बजावून ठेवलंय, मॅडमना पाट द्यायचा, खाली बसू द्यायचं नाही.