१२६ ही भिंत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या पानावर ‘उपाशीपोटी साखर १२६ झाली की मधुमेह’ अशी वाक्ये वरचेवर येतात. ती चुकीची नाहीत. पण ती वाचून १२५वाला निर्धास्त होतो आणि १२६वाल्याची झोप उडते. माझ्या धाकट्या भावाच्या अहवालात १२६ हा आकडा ठळक छापलेला होता. त्या रात्री तो जेवला नाही.

शरीराला स्वतःचे उंबरठे असतात. मज्जापेशी, म्हणजे मेंदूत आणि नसांत संदेश नेणारी पेशी, विश्रांतीत उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असते. उणे ५५ च्या जवळ पोचली की संदेश सुटतो, तो पुऱ्या ताकदीने; अलीकडेच राहिली तर सुटतच नाही. मूत्रपिंडाचाही उंबरठा आहे. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती सगळी परत शोषून घेणे त्याला जमत नाही आणि ती लघवीत उतरते.

माझी आई वर्षानुवर्षे या उंबरठ्यावर विसंबून होती. सकाळी परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, नळी चिमट्यात धरून ज्योतीवर. निळे राहिले की जीव भांड्यात, हिरवे-पिवळे झाले की पथ्य, विटकरी झाले की दवाखाना. शेवटच्या वर्षांत रंग निळाच राहू लागला, आम्हाला बरे वाटले. रक्त तपासले तेव्हा साखर २०० च्या वर निघाली. वयाबरोबर हा उंबरठा वर सरकू शकतो, हे आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते. गरोदरपणात उलट तो खाली येतो. रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत दिसते.

अहवालातली रेषा तर माणसांनी एकत्र बसून ठरवलेली. उपाशीपोटीच्या साखरेसाठी ती १४० होती. १९९७ मध्ये अमेरिकी मधुमेह संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १२६ केली. रक्तदाबाची १४०/९० ची रेषा २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी १३०/८० वर आणली, तसे तिथल्या प्रौढांतले उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ वर गेले. युरोपने १४०/९० च ठेवली. या रेषा मनाला येईल तशा ओढलेल्या नाहीत. कोणत्या साखरेपासून डोळ्याच्या पडद्याचे विकार वाढू लागतात, हे पाहूनच १२६ ठरले. उपचार कुठून सुरू करायचे हे डॉक्टरांना कुठेतरी ठरवावेच लागते. पण धोका रेषेच्या अलीकडेही असतो, चढणीसारखा वाढत जातो. शिवाय तोच आकडा दुसऱ्या दिवशी थोडा वेगळा येऊ शकतो, म्हणून लक्षणे नसतील तेव्हा एकाच तपासणीवर निदान करत नाहीत. भावाची साखर दुसऱ्यांदा ११८ आली. तीही कमी नाही. त्याने फिरणे सुरू केले आहे.

माझी विनंती एवढीच, की असा आकडा छापाल तेव्हा तो कुणी आणि कधी ठरवला, आणि पुन्हा तपासावा लागतो का, हे त्याच्या शेजारी दोन ओळींत द्यावे.

आपली,
एक नियमित वाचक