ट्रॅव्हलर्स पाम तगला, लेमूर मात्र संकटात

महोदय,
बंगल्यांच्या आवारात पंख्यासारखा पसरलेला ‘ट्रॅव्हलर्स पाम’ आपल्याकडे सर्रास दिसतो. नावात पाम असला तरी तो ताड-माडाच्या कुळातला नाही. बर्ड ऑफ पॅराडाइज या फुलझाडाचा भाऊबंद, मूळचा मादागास्करचा. (त्याच्या देठांत साचणारे पाणी वाटसरूंसाठी असते म्हणे! प्रत्यक्षात त्यात बहुधा डासांच्या अळ्या असतात.)

तिथे याच्या फुलांचे परागण करतो तीन-चार किलोंचा काळा-पांढरा रफ्ड लेमूर, म्हणजे माकडांचा एक दूरचा नातलग. फुले होडीच्या आकाराच्या टणक आवरणात बंद. साध्या माशी-फुलपाखराला ती उघडत नाहीत. लेमूर ते आवरण हातांनी फाकवतो, लांबट तोंड आत खुपसून मध चाटतो आणि तोंडाच्या केसांना चिकटलेले पराग पुढच्या झाडावर नेतो.

इतकी जवळीक असून दोघांचे नशीब वेगळे. डोंगर जाळून शेती केली, की मोकळ्या जागेत हे झाड उलट फोफावते. लेमूर मात्र पिकलेल्या फळांवर जगतो आणि पिल्ले पाठीवर न वागवता उंच झाडांवरच्या घरट्यात ठेवतो. मोठी झाडे तुटली की अन्नही गेले आणि पाळणाही. त्यात शिकार. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

झाडाचे परदेशातही अडत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात लावलेल्या झाडांवर मधासाठी वटवाघळे येतात. लेमूरला मात्र असा बदली जोडीदार चालत नाही, त्याला जुने जंगलच लागते.

– एक वनस्पतीप्रेमी वाचक, पुणे